माल्टा-गोझोचा डायव्हिंग दौरा: चौघांचा गट, आठ रात्री आणि वाऱ्याचं गणित

भूमध्य समुद्रातल्या बेटांवर डायव्हिंगला जायचं म्हटलं की बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करतात. मग यादीतल्या एकेका ठिकाणाला एकेक दिवस वाटून देतात आणि हॉटेल बुक करून मोकळे होतात. असा आराखडा तिसऱ्या दिवशी कोलमडतो, कारण तिथे कोणत्या दिवशी कुठे उतरायचं हे वारा ठरवतो. खालचा गट नमुन्यादाखल घेतला आहे. त्याच्या अडचणी मात्र महाराष्ट्रातून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटाला येतात.

गट पुण्याचा, चौघांचा. नवरा-बायको दोघांकडेही अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचं दुसऱ्या पायरीचं सर्टिफिकेट. त्याच्या साठेक डायव्ह झालेल्या, तिच्या चाळीस, बहुतेक अंदमान आणि कर्नाटकच्या किनाऱ्याजवळच्या नेत्राणी बेटाच्या. तो 47 वर्षांचा. सोबत त्याची भाची: पहिल्या पायरीचं ओपन वॉटर सर्टिफिकेट, नऊ डायव्ह, शेवटची चौदा महिन्यांपूर्वी. चौथा त्याचा धाकटा भाऊ. तो म्हणतो, ‘मी तारकर्लीला स्कूबा केलंय.’

त्यांचा पहिला आराखडा असा होता. 15 ऑगस्टच्या सुटीला जोडून आठ रात्री, मुक्काम माल्टा बेटावर स्लिमात. सोमवारी उम अल फरूद हे बुडवलेलं जहाज, मंगळवारी पी-29 हे दुसरं, बुधवारी शेजारच्या गोझो बेटावरची ब्लू होल, गुरुवारी करवेला हे तिसरं जहाज, असं शनिवारी दुपारपर्यंत. रविवारी सकाळी सातचं विमान. वरवर पाहता ठीक वाटतं, पण यात पाच गोष्टी चुकल्या आहेत.

माल्टाच का

बेटाची निवड मात्र बरोबर होती. सायप्रसला लार्नाकाजवळ झेनोबिया आहे. 1980 मध्ये बुडालेलं, पावणेदोनशे मीटरच्या आसपास लांबीचं हे जहाज एकट्यानंच आठवडा खाईल एवढं मोठं आहे, पण बाकीच्या डायव्ह त्याच्यापुढे फिक्या पडतात. स्पेनच्या मेदेस बेटांवर मासे जास्त, मात्र सगळं काम बोटीवरून. माल्टा, गोझो आणि कोमिनो या तीन बेटांत जहाजं, गुहा, कमानी आणि कडे एकमेकांपासून फार लांब नाहीत. बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येतं. इंग्रजी चालतं, आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून.

अपेक्षा एवढीच बदलून जायचं की इथे अंदमान-लक्षद्वीपसारखी प्रवाळांची बाग नाही. खडक, समुद्री गवताची कुरणं, आठपाद, ग्रूपर, कड्याजवळ बॅराकुडाचा थवा, आणि चांगल्या दिवशी तीस मीटरपर्यंत आरपार दिसणारं निळं पाणी. नेत्राणीला माशांची भिंत पाहिलेला माणूस पहिल्या दिवशी जरा हिरमुसतो. दुसऱ्या दिवशी जहाज दिसलं की गप्प होतो.

महिना

ऑगस्टमध्ये पाणी वर 26 अंशांच्या आसपास असतं, म्हणून लोकांना तो बरा वाटतो. पण 15 ऑगस्ट हा माल्टात सांता मारियाचा सण. सार्वजनिक सुटी, आणि माल्टा बेटावरची माणसं त्या आठवड्यात गोझोला लोटतात. गोझोची बोट जिथून सुटते त्या चिरकेवाच्या फेरी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, गोझोत खोली मिळत नाही आणि डायव्ह सेंटरांवर एका गाइडमागे माणसं वाढतात. आपली जोडसुटी आणि त्यांचा सण नेमके एकाच दिवशी येतात, हे आराखडा करताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तारीख हलवून 2 ऑक्टोबरच्या सुटीला जोडली. तेव्हा पाणी साधारण 23-24 अंश असतं. उन्हाळ्यात वीस-पंचवीस मीटरवर अचानक गार थर लागतो, तो या सुमारास बराच खाली गेलेला असतो. गर्दी ओसरलेली असते. तोट्याची बाजू अशी की ऑक्टोबरात वादळी पाऊस सुरू होतो, म्हणजे एखादा दिवस वाया जाणार हे धरूनच चालायचं.

आपल्याकडून जाणाऱ्यांना आणखी एक अडचण असते. पावसाळ्यात मालवण, ग्रांद बेट, नेत्राणी सगळं बंद. म्हणजे ऑक्टोबरात माल्टाला जाणारा माणूस मे महिन्यानंतर बहुधा पाण्याखाली गेलेलाच नसतो. निघण्याआधी दोन आठवड्यांत स्विमिंग पूलमध्ये एक तासभराचं सत्र घ्यावं: मास्कमध्ये पाणी भरून काढणं, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) सोडून परत पकडणं, बडीच्या म्हणजे जोडीदाराच्या ऑक्टोपसवर, त्याच्या जादा रेग्युलेटरवर, श्वास घेणं, आणि फुगा सोडणं. डायव्हर ज्याला एसएमबी म्हणतात तो, खाली माणूस आहे हे वर दाखवणारा नारिंगी फुगा. माल्टात प्रत्येक जोडीकडे तो हवाच, आणि आपल्याकडे तो गाइडच सोडत असल्यानं चाळीस डायव्ह झालेल्या माणसानंही कित्येकदा हातात घेतलेला नसतो.

वारा

कोकणात डायव्हरचं घड्याळ भरती-ओहोटीवर चालतं. माल्टात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर, त्यामुळे ते गणित सोडूनच द्यायचं. तिथे विचारायचं ते एवढंच: आज वारा कुठून आहे, आणि काल कुठून होता?

वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला तिथे मज्जिस्त्राल म्हणतात. वर्षातले सर्वांत जास्त दिवस त्याचे. ईशान्येचा तो ग्रिगाल, आग्नेयेचा श्लोक. दिशा कळली की नकाशावर बेटाची पाठ शोधायची. मज्जिस्त्राल असेल तर गोझोच्या पश्चिमेची द्वेयरा बंद, कारण ब्लू होल आणि इनलँड सी (समुद्राला बोगद्यानं जोडलेलं तळं) दोन्ही त्याच्या तोंडावर आहेत. माल्टाच्या वायव्य टोकाचं चिरकेवाही अडचणीत येतं. अशा दिवशी गोझोच्या दक्षिण बाजूला जायचं: शात ल-आहमार, इम्जार इश-शिनी. ग्रिगाल असेल तर उलट. तेव्हा द्वेयरा आणि श्लेन्डी शांत, माल्टाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं विद इझ-झुरीकही शांत. श्लोक सुटला की गोझोचा उत्तर किनारा, मार्सालफोर्न आणि रेका पॉइंट.

वारा पडला म्हणजे समुद्र पडला असं नाही. दोन दिवस वायव्येचा जोर असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी झाडाचं पान हलत नसतानाही द्वेयराच्या खडकावर लाट आपटत असते. गल्लत इथेच होते. ब्लू होलमध्ये उतरताना त्रास होत नाही: खडकांनी वेढलेला गोल डोह, आतलं पाणी निवांत दिसतं. आठेक मीटरवरच्या कमानीतून बाहेर पडलं की उघडा समुद्र. चाळीस मिनिटांनी परत येताना लाट वाढलेली असेल तर कमानीत पाणी मागेपुढे ओढतं, आणि वर आल्यावर अंगावर पस्तीस किलो घेऊन निसरड्या खडकावर चढायचं असतं. म्हणून तिथला नियम साधा: आत शिरायच्या जागेकडे बघून ठरवू नका, बाहेर पडायच्या जागेसमोर पाच मिनिटं उभे राहा आणि लाटा बघा. शंका आली तर गाडी वळवा.

ब्लू होलशेजारी जी अझूर विंडो नावाची दगडी कमान पोस्टकार्डांवर दिसते, ती 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. आता तिचे प्रचंड तुकडे पाण्याखाली आहेत आणि त्यांच्यामधून पोहता येतं.

यावरून गटाचा मुक्काम बदलला. स्लिमात राहून गोझोची एक डायव्ह करायची म्हणजे गाडीनं चिरकेवा, तिथून पंचवीसेक मिनिटांची फेरी, पुन्हा गाडी. आणि पोचल्यावर कळणार की द्वेयरा बंद आहे. नवा मुक्काम: पहिल्या पाच रात्री गोझोत श्लेन्डीला, शेवटच्या तीन माल्टात. गोझो एवढं लहान आहे की सकाळी आठला वारा बघून बेटाच्या कुठल्याही बाजूला अर्ध्या तासाच्या आत जाता येतं. फेरीचं तिकीट गोझोला जाताना काढावं लागत नाही, परत येताना गोझोच्या बंदरावर, इम्जारला, काढायचं, हे माहीत नसल्यानं लोक चिरकेवाला उगाच खिडकी शोधत फिरतात.

उम अल फरूदची हवा

या दौऱ्यातली सर्वांत गाजलेली डायव्ह, आणि हिशेब सर्वांत जास्त चुकतो तोही इथेच. उम अल फरूद हा लिबियाच्या मालकीचा, दहा हजार टनांचा तेलवाहू टँकर. 1995 च्या फेब्रुवारीत माल्टाच्या गोदीत दुरुस्ती चालू असताना त्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार दगावले. 1998 मध्ये विद इझ-झुरीकसमोर तो मुद्दाम बुडवला. पुढे हिवाळी वादळात त्याचे दोन तुकडे झाले. लांबी शंभर मीटरच्या वर, तळ सुमारे 36 मीटरवर, वरचा भाग अठरा-वीस मीटरपासून सुरू होतो.

नवऱ्याचं म्हणणं होतं, ‘बारा लिटरचा सिलिंडर, दोनशे बार, तीस मीटर, अंदमानला करतोच की.’ पण तिथे बोट थेट ठिकाणावर नेते. इथे किनाऱ्यावरच्या चिंचोळ्या खाचेतून बाहेर पडून आठ मिनिटं पाण्याखालून पोहत जहाज गाठायचं, आणि तेवढंच परत यायचं.

हिशेब मांडू. बार हे दाबाचं एकक: पृष्ठभागावर एक बार, खाली दर दहा मीटरला आणखी एक, आणि दाब जितका पट तितकी पट हवा लागते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागते असं धरा. स्वतःचा आकडा काढायचा असेल तर दहा मीटरवर दहा मिनिटं सावकाश पोहा आणि किती बार गेले ते बघा. 12 लिटरच्या सिलिंडरमधून 33 बार गेले तर 33 गुणिले 12 म्हणजे 396 लिटर. दहा मिनिटं आणि दोन बार दाब, म्हणजे भागिले 20. आकडा येतो जवळजवळ 20.

तीस मीटरवर दाब चार बार, म्हणून मिनिटाला 80 लिटर. सिलिंडरमध्ये 12 गुणिले 200, म्हणजे 2400 लिटर. आता आधी राखीव काढायची. बडीची हवा संपली आणि दोघं एकाच सिलिंडरवर वर येताहेत, घाबरलेले आहेत, प्रत्येकी 30 लिटर घेताहेत. तळाशी सावरायला एक मिनिट: 60 गुणिले 4, म्हणजे 240. तीस मीटरवरून पाच मीटरपर्यंत तीन मिनिटं, सरासरी दाब 2.75 बार: 495. तिथे सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, तीन मिनिटं: 270. उरलेले पाच मीटर एका मिनिटात: 75. बेरीज 1080 लिटर, म्हणजे 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 90 बार. ‘पन्नास बारला वर यायचं’ हे कोर्समधलं वाक्य तीस मीटरवर दोघांना पुरत नाही.

शिल्लक 1320 लिटर. त्यातून दहा मीटरवरून जाणं आणि येणं प्रत्येकी 8 मिनिटं, मिनिटाला 40 लिटर, म्हणजे 640 गेले. जहाजावर उरले 680 लिटर: साडेआठ मिनिटं. एवढ्यासाठी पुण्याहून कोणी जात नाही. मग माणूस काय करतो, तर राखीव खातो.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे. सिलिंडर 15 लिटरचा मागायचा. तो तीन-चार किलो जड असतो, पण 3000 लिटरमधून तीच राखीव आणि तेच येणंजाणं वजा केलं की 1280 उरतात, म्हणजे सोळा मिनिटं. आता आठ आणि सोळा मिळून चोवीस मिनिटं होतात, आणि साध्या हवेवर पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात तीस मीटरवर राहायची मर्यादा 20 मिनिटं. म्हणून 32 टक्क्यांचं नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा. त्यावर तीस मीटर हे हवेच्या पंचवीस मीटरसारखं धरायचं, मर्यादा 29 मिनिटं. बदल्यात किती खोल जायचं याला मर्यादा पडते: ऑक्सिजनचा दाब 1.4 बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, या हिशेबानं 32 टक्के मिश्रण 33 मीटरच्या खाली न्यायचं नाही. जहाजाचा पंखा तळाशी, 36 मीटरवर. फोटोसाठी तिथे जायचा मोह आवरायचा. पी-29 किंवा करवेलासाठी तळापर्यंत जायचं असेल तर 28 टक्के मिश्रण घ्या, ते 40 मीटरपर्यंत चालतं.

दोघांपैकी कुणाकडेही नायट्रॉक्सचं सर्टिफिकेट नव्हतं. ते पुण्यातच करून जावं. एका दिवसाचा अभ्यास आणि सिलिंडरमधला ऑक्सिजन मोजायचा सराव. तिथे जाऊन केलं तर सुटीतला अर्धा दिवस वर्गात जातो.

जहाजांच्या आत शिरणं हा वेगळा विषय आहे. करवेलात एक जिना आहे, सगळ्यांना त्याचा फोटो हवा असतो. छताखाली जायचं प्रशिक्षण, परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीचं रील आणि दोन टॉर्च नसतील तर बाहेरून बघा. सांगाड्यांवर मासेमारीची तंगुसाची दोरी अडकलेली असते, ती पाण्यात दिसत नाही. कातर किंवा लाइन-कटर, तरंगण्यासाठी हवा भरतात त्या जॅकेटला छातीशी लावा. पोटरीला बांधलेला सुरा, जेव्हा पाय अडकलेला असतो तेव्हाच हाताला लागत नाही.

वजन आणि सूट

माल्टाचं पाणी फार खारट, म्हणून कमरेला चार किलो शिसं जास्त लावा, असा सल्ला हमखास मिळतो. खारटपणा अरबी समुद्रापेक्षा जास्त आहे हे खरं, पण त्यानं साधारण शरीराच्या माणसाला पाव किलोच्या आसपास फरक पडतो. खरा फरक सूट आणि सिलिंडर पाडतात, आणि तोही उलटसुलट. आपल्याकडे तीन मिलिमीटरचा सूट आणि अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर. तो रिकामा होत आला की तरंगायला लागतो, म्हणून त्याच्यासाठी दीड-दोन किलो जास्तीचे बांधलेले असतात. माल्टात सिलिंडर स्टीलचा, रिकामा झाला तरी वर ओढत नाही. ते दोन किलो कमी करायचे. पाच मिलिमीटरच्या सूटसाठी दोन-तीन वाढवायचे. म्हणजे सुरुवात जवळजवळ आपल्या नेहमीच्या आकड्यावरूनच.

पहिल्या दिवशी तपासणी करायचीच. जॅकेट पूर्ण रिकामं, रेग्युलेटर तोंडात, अर्धा श्वास धरून पाणी डोळ्यांच्या रेषेला यायला हवं. हे भरलेल्या सिलिंडरवर केलं असेल तर वर दोन किलो घाला, कारण 12 लिटरमधून दीडशे बार हवा वापरली की सव्वादोन किलो वजन कमी झालेलं असतं. हे दोन किलो विसरलेला माणूस शेवटच्या सेफ्टी स्टॉपला पाच मीटरवर टिकत नाही, दगड धरून बसतो.

ऑक्टोबरात दिवसाला दोन डायव्ह करायच्या तर पाच मिलिमीटरचा पूर्ण सूट आणि डोक्याला हूड. बायकोला थंडी लवकर वाजते, तिच्यासाठी आतून बंडी. बूट जाड तळव्याचे आणि फिन्स मागे पट्टा असलेले. द्वेयराला गाडीतळापासून खडकांतून चालत जावं लागतं, अनवाणी पायांना घालायच्या फिन्स तिथे निरुपयोगी. हूड आणि पातळ हातमोजे जेलीफिशसाठीही उपयोगी पडतात. पेलागिया नावाची जांभळट जेलीफिश वाऱ्याबरोबर किनाऱ्याला येते आणि तिचा स्पर्श झोंबतो. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, गोड्या पाण्यानं नाही.

भाची आणि धाकटा भाऊ

तारकर्लीला किंवा मालवणला जे होतं ते बहुधा एका प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन केलेलं दर्शन असतं. मिळणारा कागद हा डायव्हिंगचा परवाना नव्हे. धाकट्यासाठी सर्वांत सोयीचा मार्ग रेफरलचा: पुस्तकी भाग आणि पूलमधलं सगळं पुण्यात पुरं करायचं, प्रशिक्षकाकडून रेफरलचा कागद घ्यायचा, आणि खुल्या पाण्यातल्या चार डायव्ह गोझोत दोन दिवसांत. पॅडीचा हा कागद बारा महिने चालतो. सप्टेंबरात पूल, ऑक्टोबरात समुद्र. एरवी त्याची आठवडाभर किनाऱ्यावर सामान राखायची पाळी येते.

भाचीचं वेगळं. तिची मर्यादा 18 मीटर, त्यामुळे उम अल फरूद, पी-29, करवेला तिच्यासाठी नाहीत. ‘मामा, तिथेच अ‍ॅडव्हान्स्ड करते ना, पाचच डायव्ह तर आहेत,’ हे तिचं म्हणणं चुकीचं नाही. पण नऊ डायव्ह आणि चौदा महिन्यांची खंड असलेल्या माणसाला कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवशी उम अल फरूदवर नेऊ नये. कार्ड तिला तीस मीटरची परवानगी देतं; हवा वापरायची सवय आणि तरंगणं सांभाळणं कार्डाबरोबर येत नाही. तिचा क्रम असा लावला: पहिल्या दिवशी बारा मीटरच्या आत उजळणी, मग धाकट्या मामाच्या डायव्हिंगच्या दोन दिवसांत त्याच सेंटरवर अ‍ॅडव्हान्स्ड, त्यातली खोल डायव्ह गोझोच्या एखाद्या कड्यावर. जहाज बघायचंच तर कोमिनोजवळचं पी-31. ही गस्ती नौका 2009 मध्ये मुद्दाम उथळ पाण्यात, वीसेक मीटरवर बुडवली. चिरकेवाला मामा-मामी पी-29 करतील तेव्हा तिनं गाइडबरोबर अठरा मीटरच्या आतल्या कड्यावरच राहायचं. तिथे कपारीत मेरीमातेची मूर्ती आहे.

कागदपत्रं

व्हिसा शेंगेनचा. जास्त रात्री ज्या देशात त्याच देशाकडे अर्ज. येताना रोमला दोन दिवस थांबलात तरी अर्ज माल्टाचाच. मोठ्यांची फी 90 युरो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच उशीर होतो, म्हणून जूनमध्येच. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध हवा.

विम्यात फसगत होते. व्हिसासाठी 30,000 युरोंचा जो प्रवास विमा काढतात त्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. पॉलिसीत दोन गोष्टी वाचायच्या: किती मीटरपर्यंत, आणि डीकॉम्प्रेशन चेंबरचा (डायव्हिंगमुळे होणाऱ्या आजारावर उपचाराचा दाबाचा कक्ष) खर्च धरला आहे का. नसेल तर डॅनसारख्या डायव्हरांच्या संस्थेचा विमा वेगळा घ्यावा. चेंबर माल्टात मातर देई रुग्णालयात आहे. आणीबाणीचा क्रमांक 112.

वैद्यकीय प्रश्नावली सेंटर पहिल्याच दिवशी पुढे ठेवतं. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागू शकते. 45 च्या वरच्या माणसाला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, घरातला हृदयविकार असे वेगळे प्रश्न येतात. नवरा 47 चा आणि रक्तदाबाची गोळी घेतो. त्यानं तोच फॉर्म छापून पुण्याच्या डॉक्टरकडून तपासणी करून, सही-शिक्का घेऊन न्यावा. ‘नाही’ वर खूण करून टाकू, असं काही जण करतात. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हाच कागद मागते.

दिवस कसे बसले

पहिला दिवस प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची तपासणी डायव्ह, ज्या बाजूला वारा नाही तिथे. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत ठिकाणं नेमली नाहीत, फक्त प्राधान्य लिहिलं: द्वेयरा ज्या दिवशी उघडी असेल त्या पहिल्या दिवशी घ्यायची, उद्यावर टाकायची नाही. दक्षिणेचं करवेला वायव्येच्या वाऱ्यातही मिळतं, ते मागे ठेवायचं. इनलँड सीचा बोगदा सुमारे ऐंशी मीटरचा, वरून पर्यटकांच्या होड्या ये-जा करतात. त्यात तळाशी राहायचं, कडेनं जायचं आणि मध्येच वर यायचं नाही. सहाव्या दिवशी सकाळी एक डायव्ह, मग फेरीनं माल्टा. सातव्या दिवशी उम अल फरूद किंवा चिरकेवा, जे शांत असेल ते. आठव्या दिवशी उरलेलं, पण दुपारी बाराच्या आत वर.

जुन्या आराखड्यात शनिवारी दुपारी चारला डायव्ह संपणार होती आणि रविवारी सातला विमान, म्हणजे पंधरा तास. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि ते डायव्हरला धोक्याचं, म्हणून अनेक दिवस सलग डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जायला हवेत. विमान दुपारचं घेतल्यावर चोवीसच्या वर मिळाले. गाडीनं बेट ओलांडायला मात्र घाबरायचं कारण नाही: माल्टातला सर्वांत उंच डोंगर 253 मीटरचा आहे.

राहिलं सेंटर निवडणं. तीन सेंटरना एकच मेल पाठवायचा आणि उत्तरं शेजारी ठेवायची. दरात सिलिंडर, शिसं, गाडी आणि गाइड धरलंय का? 15 लिटरचे जादा किती? नायट्रॉक्सचे? सिलिंडरचा व्हॉल्व्ह डिन की योक (रेग्युलेटर जोडायच्या दोन पद्धती)? एका गाइडमागे किती जण? 60 डायव्हवाला आणि नवखा एकाच गाडीत असतील तर दोन गाइड मिळतील का? आणि शेवटचा प्रश्न: सलग दोन दिवस वायव्येचा वारा असला तर आम्हाला कुठे न्याल, आणि जाता आलं नाही तर पैशांचं काय? ‘काळजी करू नका, आम्ही रोज डायव्ह करतो’ असं ज्यांचं उत्तर येईल त्यांना बाजूला ठेवा. जे ठिकाणांची नावं देतील, आणि कोणत्या दिवशी नाही म्हणतील तेही सांगतील, त्यांच्याकडे बुकिंग करा.